ओळख कोण देणार?

पूर्वी बँकेत खाते उघडायला गेले की काउंटरवरचा कारकून विचारायचा, "ओळख कोण देणार?" अर्जावर तसा एक रकानाच असे आणि त्यात त्या बँकेच्या जुन्या खातेदाराची सही लागे. ज्याच्या गल्लीत चार खातेदार होते त्याचे काम पाच मिनिटांत होई. ज्याच्या वस्तीत एकाचेही खाते नव्हते, त्याला एका सहीसाठी दारोदार फिरावे लागे. नियम सर्वांना सारखाच होता. बँकेला फसवेगिरी टाळायची होती, हेतूही वाईट नव्हता. तरी त्या एका रकान्याने कुणाला आत घेतले आणि कुणाला पायरीवर ताटकळत ठेवले, हे आमच्या पिढीला वेगळे सांगायला नको.

हा जुना रकाना आज आठवण्याचे कारण असे की, इंटरनेटवरील विकेंद्रित समाजमाध्यमांत सध्या हाच प्रश्न नव्या रूपात उभा आहे. स्पॅमचा, म्हणजे फसव्या, जाहिरातबाज आणि नको असलेल्या संदेशांचा लोंढा थोपवायचा कसा? तिथल्या तंत्रज्ञांनी काढलेला एक उपाय थोडक्यात असा : ज्याला तुमच्या विश्वासातील माणसे फॉलो करतात त्याचा संदेश तुमच्यापर्यंत येऊ द्यायचा, ज्याला तुमच्या माणसांपैकी कुणीच ओळखत नाही त्याला बाहेर थांबवायचे. आमचा या उपायाला विरोध नाही. पण तो कोणत्या अटींवर स्वीकारायचा, याचा विचार आजच केला पाहिजे. कारण दारावर चाळण लागते तेव्हा तिची भोके केवढी असावीत हे ठरवताना आपण हजर नसतो, आणि मग वर्षानुवर्षे तक्रार करीत बसतो!

हा संगणकवाल्यांचा विषय आहे, चळवळीला त्याचे काय, असे म्हणणाऱ्यांना २०१९ सालाची आठवण करून द्यावी लागेल. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद करण्यात आले. पाठोपाठ नोव्हेंबरमध्ये दलित, आदिवासी आणि ओबीसी लेखक-पत्रकारांनी आवाज उठवला की, खात्यांवर कारवाई करताना आणि निळी खूण वाटताना इथे पक्षपात होतो. ट्विटरला जातिवादी म्हणणारे हॅशटॅग देशभर गाजले. ट्विटरने आरोप नाकारला. त्या संतापाच्या लाटेत अनेक भारतीयांनी ट्विटर सोडून मॅस्टोडॉनवर खाती उघडली. 'विकेंद्रित' हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांच्या कानावर पहिल्यांदा पडला तो तेव्हा.

मॅस्टोडॉन हे जर्मनीतील ऑयगेन रोश्को या तरुणाने २०१६ मध्ये सुरू केलेले माध्यम. त्याला एक मालक नाही. कुणीही आपला सर्व्हर उभा करावा, आपले नियम ठरवावेत आणि दुसऱ्या सर्व्हरवरील लोकांशी बोलावे. या सर्व्हरांची आपसातली भाषा म्हणजे ॲक्टिव्हिटीपब. जानेवारी २०१८ मध्ये तिला वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेची मान्यता मिळाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलर मोजून ट्विटर ताब्यात घेतले, तेव्हा पुन्हा लोकांचे स्थलांतर झाले. मॅस्टोडॉनवर महिन्याला सक्रिय असणाऱ्यांची संख्या थोड्याच आठवड्यांत ३ लाखांवरून २५ लाखांवर गेली.

त्याच सुमारास ट्विटरवर काय घडले तेही पाहू. आधी निळी खूण कंपनीच्या मर्जीने मिळे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती महिना ८ डॉलरला विकायला काढली गेली. लगेच कुणीतरी एलाय लिली या औषध कंपनीच्या नावाने खाते काढले, खूण विकत घेतली आणि इन्सुलिन आता मोफत मिळणार असे जाहीर करून टाकले! खऱ्या कंपनीला खुलासा करावा लागला. म्हणजे विश्वासाचे दोन प्रकार आपण डोळ्यांदेखत पाहिले. एक वरून बहाल केलेला, दुसरा पैशाने विकत घेतलेला. पहिल्यात आपण कधी बसलो नाही आणि दुसऱ्यात लबाडच आधी बसले.

मग विकेंद्रित माध्यमांत सगळे आलबेल आहे काय? तसे मुळीच नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये मॅस्टोडॉन आणि त्याच्याशी जोडलेल्या सर्व्हरांवर स्पॅमचा मोठा हल्ला झाला. जपानमधील काही मुलांच्या आपसातील भांडणातून तो उपजला, असे त्या वेळच्या बातम्यांत आले होते. हल्ल्याची रीत साधी होती. ज्यांचे दार नोंदणीसाठी सताड उघडे आहे आणि ज्यांच्याकडे पाहणारे कुणी नाही असे लहान, बेवारस सर्व्हर शोधायचे. यंत्राच्या साहाय्याने तिथे खाती काढायची आणि तिथून अनोळखी लोकांच्या नावे संदेशांचा मारा करायचा. खाती बंद करावीत तर दुसरीकडे नवी निघत. शेवटी अनेक सर्व्हर-चालकांनी हाताशी असलेला एकच उपाय केला : ज्या सर्व्हरवरून मारा येतो तो सर्व्हरच तोडून टाकला.

इथे आम्हाला थांबावेसे वाटते. त्या लहान सर्व्हरांवर प्रामाणिक माणसेही होती. त्यांनी कुणाला एक शिवीही दिली नव्हती. पण पत्ता चुकीचा, म्हणून त्यांचाही आवाज बंद झाला. एकाच्या अपराधासाठी सगळ्या वस्तीवर बहिष्कार टाकण्याची गावकीची रीत आपण जन्मापासून जाणतो. माणसाची पारख त्याच्या पत्त्यावरून करायची नसेल, तर ती कशावरून करायची? ओळखीच्या साखळीची कल्पना इथे उपयोगी पडते.

आधी दुखण्याचे मूळ समजून घेऊ. संगणकाच्या जगात नवे नाव घ्यायला काहीच खर्च येत नाही. एक माणूस हजार माणसे होऊ शकतो. मायक्रोसॉफ्टमधील संशोधक जॉन डूसर यांनी २००२ मध्ये या प्रकाराला 'सिबिल हल्ला' असे नाव दिले. अनेक व्यक्तिमत्त्वे असलेल्या एका स्त्रीवरील पुस्तकावरून ते घेतले आहे. नावे तपासून देणारी एखादी मध्यवर्ती सत्ता नसेल, तर हा हल्ला पूर्णपणे रोखणे व्यवहारात अशक्यप्राय आहे, असे त्यांनी दाखवले. विकेंद्रित माध्यमाची अडचण नेमकी हीच! मालक नको म्हणून आपण तिथे गेलो. आणि मालक नाही म्हणून दरोडेखोरही तिथे मोकळा. २०२० मध्ये सुरू झालेल्या नॉस्टर या माध्यमात तर नोंदणीसुद्धा नाही. किल्ल्यांची एक जोडी तयार केली की झाले खाते. साहजिकच २०२३ मध्ये तिथे लोकांची वर्दळ वाढली, तसा स्पॅमचाही पूर आला.

आता उपायाकडे येऊ. लबाड माणूस हजार खोटी खाती काढू शकतो आणि ती सगळी एकमेकांना फॉलो करू शकतात. पण एक गोष्ट त्याच्या हातात नाही. हाडामांसाच्या, शहाण्या माणसाला तो आपल्या खोट्या खात्यांना फॉलो करायला लावू शकत नाही. त्याने तुम्हाला फॉलो केले याला काडीची किंमत नाही. तुमच्या विश्वासातील कुणी त्याला फॉलो करते काय, याला किंमत आहे. त्यामुळे खोट्या खात्यांचे अख्खे गाव वसले तरी त्या गावातून खऱ्या वस्तीकडे येणाऱ्या पायवाटा मोजक्याच राहतात. पाहणी गावाची करायची नाही, पायवाटांची करायची. २००६ मध्ये सिबिलगार्ड नावाची जी पद्धत संशोधकांनी मांडली तिचा पाया हाच होता. त्याआधी १९९९ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर करणाऱ्यांच्या ॲडव्होगॅटो या संकेतस्थळावर राफ लेव्हिन यांनी परस्परांच्या प्रमाणपत्रांवर चालणारी विश्वासाची मोजणी वापरून पाहिली होती. त्याच्याही आधी, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, फिल झिमरमन यांच्या पीजीपी या गुप्तलेखन पद्धतीत माणसांनी माणसांची खातरजमा करण्याची सोय होती. कल्पना नवी नाही, गरज नव्याने आली आहे.

प्रत्यक्षात मोजणी कशी होते? समजा आपण १०० जणांना फॉलो करतो. ही पहिली पायरी. ते प्रत्येकी १०० जणांना फॉलो करतात. म्हणजे दुसऱ्या पायरीवर जास्तीत जास्त १० हजार माणसे आली, नावे सारखी असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी. तिसऱ्या पायरीवर हा आकडा १० लाखांपर्यंत जाऊ शकतो आणि तिथे कुणीही घुसू शकते. म्हणून पुष्कळ ठिकाणी दोन पायऱ्यांवर रेघ मारतात. नॉस्टरवर संदेशांची ने-आण करणाऱ्या सर्व्हरांना रिले म्हणतात. त्यातले काही रिले अशा साखळीतल्याच लोकांचे संदेश स्वीकारतात. काही ठिकाणी आपल्या माणसांपैकी किती जण त्याला फॉलो करतात आणि किती जणांनी त्याला गप्प केले आहे, याची बेरीज-वजाबाकी करून गुण काढले जातात.

या पद्धतीचे आपल्याला होणारे दोन फायदे स्पष्ट आहेत. पहिला असा की, इथे कुणाला कागद दाखवावा लागत नाही. समाजमाध्यमांची खाती आधार क्रमांकाशी जोडावीत, अशी मागणी करणाऱ्या मद्रास उच्च न्यायालयातील याचिकेवरून २०१९ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. स्पॅम आणि अफवा थांबवायच्या, तर प्रत्येकाचे खरे नाव सरकारजमा करा, हा तो विचार. आपल्याच गावातील अन्यायाविरुद्ध टोपणनावाने लिहिणाऱ्या पोराला हा विचार जिवावर बेतू शकतो. ओळखीच्या साखळीला मात्र नावाशी देणेघेणे नाही. टोपणनावाने लिहिणाऱ्यावर चार भली माणसे विश्वास ठेवतात, एवढे तिला पुरते. दुसरा फायदा असा की, इथे टोळधाडीचा जोर चालत नाही. पगारी टोळक्यांनी हजार खात्यांवरून एकाच वेळी तक्रारी करायच्या आणि आपल्या लेखकाचे खाते बंद पाडायचे, हा प्रकार आपण पाहत आलो आहोत. साखळीच्या हिशेबात अनोळखी हजारांचे मत शून्य धरले जाते. आपल्या माणसांनी दिलेला कौल तेवढा मोजला जातो.

इतके सगळे असताना आम्ही अटींची भाषा का करतो? कारण या चाळणीला स्पॅम करणारा आणि पहिल्यांदाच बोलणारा, हे दोघे सारखेच दिसतात!

कल्पना करा, मराठवाड्यातल्या एखाद्या खेड्यातील मुलगी. वस्तीवर हल्ला झाला आहे. तिने काल रात्री खाते उघडले. तिला फॉलो करणारे कुणी नाही. ती पत्रकार, वकील, कार्यकर्ते दिसतील त्यांना एकच मजकूर, एकच छायाचित्र पुन्हा पुन्हा पाठवते आहे. नवे खाते, शून्य ओळख, अनोळखींना एकच संदेश. यंत्राच्या लेखी स्पॅमची याहून नेमकी लक्षणे कोणती? २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. मोठ्या वृत्तपत्रांनी कित्येक आठवडे त्याची नीट दखल घेतली नाही. कार्यकर्ते तिथे गेले, त्यांनी माहिती गोळा केली आणि मिळेल त्या मार्गाने ती माहिती नसलेल्यांपर्यंत पोहोचवली, तेव्हा महाराष्ट्र जागा झाला. ती माहिती केवळ ओळखीतल्या ओळखीत फिरली असती तर काय झाले असते, याचा विचार प्रत्येकाने आपल्याशी करावा. १९२० साली 'मूकनायक' निघाला तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. तिथे निदान नकार देणारा डोळ्यांपुढे होता, त्याला जाब विचारता येत होता. चाळणीने अडवलेल्या मुलीला आपण अडवले गेलो हेसुद्धा कळणार नाही.

दुसरी गोष्ट, फॉलो करणे म्हणजे विश्वास ठेवणे नव्हे. विरोधकावर नजर ठेवायला आपण त्याला फॉलो करतो. मंत्र्याला फॉलो करतो ते त्याच्या घोषणा कळाव्यात म्हणून. आणि आपल्या लोकांत 'तुम्ही मला करा, मी तुम्हाला करतो' अशी जी देवाणघेवाण चालते, तिने तर साखळीचा कणाच मोडतो. आकडा फुगवण्यासाठी न पाहता फॉलो केलेले प्रत्येक खाते म्हणजे आपल्या घराच्या मागच्या भिंतीला पाडलेले भगदाड होय. आणि त्यातून चोर शिरतो तो केवळ आपल्या घरात नाही, आपल्यावर भरवसा ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या घरात.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. माणसे कुणाला ओळखतात? जात जिथे राहते तिथेच ओळखी होतात. शाळा, वसाहत, नोकरी, लग्नाच्या पंगती यांतून जुळलेले संबंध माणूस इंटरनेटवर तसेच्या तसे घेऊन जातो. अशा ओळखींच्या जाळ्याला 'विश्वास' असे नाव देऊन त्याचे यंत्र केले, तर ते यंत्र कुणाचीही जात न विचारता जात पाळील. हा दोष लिहिणाऱ्या तंत्रज्ञाच्या मनात असेलच असे नाही, तो आपल्या समाजाच्या रचनेत आहे. पण म्हणूनच तो नजरेआड करता येत नाही.

मग करावे काय? साखळी नाकारली तर स्पॅमचा पूर आपल्याही गळ्याशी येईल आणि लोक कंटाळून पुन्हा मालकाच्या दारात जातील. म्हणून आमचे म्हणणे असे की, साखळी स्वीकारावी, परंतु चार अटींवर.

पहिली अट : मोजणीची सुरुवात ज्याची त्याने आपल्यापासून करावी. कंपनीने किंवा मोठ्या सर्व्हरने ठरवलेल्या 'विश्वासू' लोकांपासून मोजणी सुरू झाली, की निळी खूण मागच्या दाराने परत आलीच म्हणून समजा.

दुसरी अट : अनोळखी संदेश फेकून देऊ नयेत, ते ओसरीवर बसवावेत. हे होऊ शकते. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या मॅस्टोडॉनच्या ४.३ या आवृत्तीत नवी खाती आणि अनोळखी लोक यांच्याकडून येणाऱ्या सूचना वेगळ्या ठेवण्याची सोय आहे. आपण सवडीने त्या पाहाव्यात, योग्य त्याला आत घ्यावे. आत घेण्याचा निर्णय माणसाचा, यंत्राचा नव्हे.

तिसरी अट : अनोळखी माणसाला थेट आपल्या दारावर थाप मारण्यापासून थोडे थांबवले तर चालेल, पण चावडीवर बोलण्यापासून थांबवू नये. हॅशटॅगमध्ये, शोधात त्याचा शब्द दिसला पाहिजे. तिथे साखळीची अट नको.

चौथी अट : कोण कुणाला फॉलो करतो ही यादी झाकून ठेवण्याची मुभा हवी. मॅस्टोडॉनवर ती आहे. नॉस्टर आणि ब्लूस्काय यांवर ही यादी सर्वांना उघडी असते. कार्यकर्त्यांच्या संबंधांचा नकाशा रस्त्यावर टांगून ठेवणे चळवळीला परवडणारे नाही.

अटी दुसऱ्यांना घालून आपले काम संपत नाही. ब्लूस्काय हे माध्यम फेब्रुवारी २०२३ पासून वर्षभर फक्त निमंत्रणावर चालले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते सर्वांना खुले झाले. त्या वर्षभरात ज्याची ओळख तिथे आधीच पोहोचलेल्यांशी होती त्याला निमंत्रण मिळाले. दारे अशी मर्यादित उघडतात तेव्हा आपले चार जण आत असणे आणि त्यांनी मागच्यांचा हात धरणे, हाच मार्ग उरतो. आपल्या संघटनांनी सर्व्हर उभे करावेत, पण उभे करून विसरू नयेत. २०२४ चा हल्ला राखणदार नसलेल्या घरांतूनच झाला होता. त्या धड्यानंतर मॅस्टोडॉनने नव्या सर्व्हरांवर नोंदणी मंजुरीनेच व्हावी असा मूळ नियम केला. रोज तासभर बसून नवे अर्ज पाहणारे दोन तरुण प्रत्येक सर्व्हरला मिळत नसतील, तर सर्व्हर काढण्याची घाई करू नये.

आणि प्रत्येक वाचकाने स्वतःपुरते तीन नेम करावेत. न पाहता कुणाला फॉलो करायचे नाही. आठवड्यातून एकदा ओसरीवर बसलेल्यांची विचारपूस करायची आणि त्यात खरा माणूस दिसला तर त्याला ओळख द्यायची. आणि आपल्या जातीच्या, जिल्ह्याच्या, भाषेच्या पलीकडची काही माणसे जाणीवपूर्वक जोडायची. १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी आदर्श समाजाबद्दल जे मांडले ते हेच, की एका भागात घडलेला बदल दुसऱ्या भागांत पोहोचवणाऱ्या पुष्कळ वाटा समाजात असल्या पाहिजेत, गटागटांत मोकळा संपर्क असला पाहिजे. आज ती वाट एका बोटाच्या स्पर्शाने तयार होते. तुम्ही एका अनोळखी आवाजाला ओळख दिली, की तुमच्यावर विश्वास ठेवणाऱ्या शेकडोंपर्यंत तो पोहोचतो.

बँकेच्या अर्जावरचा तो रकाना आपल्यातल्या अनेकांनी दुसऱ्याच्या उपकाराने भरला. वस्तीत पहिले खाते ज्याचे निघाले, त्याने मग किती जणांच्या अर्जावर सही केली, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. त्या सहीला पैसा लागत नव्हता, फक्त समोरच्याला ओळखण्याची तयारी लागत होती. विकेंद्रित माध्यमांत आज पुन्हा तोच रकाना समोर आला आहे. ज्यांच्या हातात सही आहे त्यांनी ती करावी, आणि डोळे उघडे ठेवून करावी!